सिंदखेडचे लखुजी जाधवराव : दोन सत्तांच्या सीमेवरील एका सरदाराचे आयुष्य

१/ सामुराई आणि त्यांचे धनी असलेले जपानी सरदार, म्हणजे ‘दाइम्यो’, यांची ओळख आजच्या मराठी तरुणांना चित्रपट, मालिका आणि ॲनिमे यांतून चांगलीच झाली आहे. त्यांच्याच काळात, १६०० च्या आगेमागे, वऱ्हाडच्या सीमेवर त्यांच्या तोडीचे एक सरदार नांदत होते: सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव. जिजाऊंचे वडील आणि शिवरायांचे आजोबा एवढ्यावरच त्यांची ओळख बहुधा संपते. पुष्कळदा तिला ‘मोगलांना मिळालेले’ असे एक शेपूट जोडले जाते. हा थ्रेड त्यांच्या आयुष्याविषयी आणि त्या शेपटाविषयी.

२/ आधी भूगोल, कारण लखुजींच्या आयुष्यातील निम्म्या गोष्टींचा उलगडा नकाशावरच होतो. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव आज विवेकानंद आश्रमामुळे सर्वांना ठाऊक आहे. याच जिल्ह्यात, जालन्याच्या वाटेवर, सिंदखेड राजा वसले आहे. १५९६ मध्ये चांदबिबीने मोगलांशी तह केला आणि वऱ्हाड अकबराकडे गेले. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे एका सरकारचे, म्हणजे महसुली विभागाचे, ठाणे होते. पश्चिमेस दौलताबादच्या बाजूला निजामशाहीचा मुलूख. सिंदखेड या दोन सत्तांच्या बरोबर सांध्यावर होते. सांध्यावरच्या गावाला दोन्ही बाजूंच्या फौजा पोसाव्या लागतात आणि दोन्ही बाजूंचा संशयही सोसावा लागतो.

३/ आता काळ. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १६०० मध्ये, जपानात सेकिगाहाराची लढाई झाली. तोकुगावा इएयासु विजयी झाला आणि १६०३ मध्ये शोगुन बनला. तेथे सरदारांच्या शतकभराच्या यादवीला उतार लागला. दख्खनमध्ये मात्र शतकभराच्या युद्धाला तोंड फुटले. जपानी दाइम्योंना पुढे एकच धनी उरला. लखुजींच्या पिढीला धनी निवडावा लागत होता आणि चुकीच्या निवडीची किंमत मुलाबाळांसकट मोजावी लागत होती.

४/ दाइम्यो म्हणजे कोण? तोकुगावा काळात ज्याच्या मुलखाचे उत्पन्न किमान १०,००० कोकु तांदळाइतके ठरवलेले असे, तो दाइम्यो. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, ढोबळमानाने एका माणसाचे वर्षाचे धान्य. सरदाराची ताकद तांदळात मोजली जाई आणि त्या तांदळावर पोसलेल्या सामुराईंच्या संख्येवरून त्याची युद्धातील जबाबदारी ठरे. मात्र शोगुन नाराज झाला, तर दाइम्योचा मुलूख काढून घेता येई किंवा त्याला दुसऱ्याच प्रांतात हलवता येई.

५/ लखुजींच्या हाती दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली वतन, म्हणजे सिंदखेडची देशमुखी. देशमुखाने परगण्याचा महसूल गोळा करण्यास साहाय्य करावे, पडीक जमीन लागवडीखाली आणावी, गावे वसवावीत, तंटे मिटवावेत, चोरांचा बंदोबस्त करावा. या कामाबद्दल त्याला इनाम जमीन आणि गावोगावचे हक्क मिळत. हा अधिकार वंशपरंपरेने चाले. दुसरी गोष्ट म्हणजे लष्करी चाकरीच्या मोबदल्यात सुलतानाकडून मिळालेला मुलूख. तो आज आहे, उद्या नाही.

६/ सुलतान बदलले तरी देशमुखी सहसा घरातच राहत असे. चाकरीचा मुलूख मात्र धन्याबरोबर बदले. म्हणून अशा सरदाराची मुळे गावात आणि फांद्या दरबारात असत. दरबार बदलला तरी चाले, गाव सुटता कामा नये. जपानी दाइम्योला शोगुन मुळासकट उपटून दुसरीकडे लावू शकत होता. दख्खनी देशमुखाला उपटणे निजामशहाला किंवा मोगल सुभेदारालाही सोपे नव्हते. त्याच्याविना महसूल गोळा होत नसे.

७/ फौजेची रचनाही ध्यानात घ्यावी. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरदाराच्या पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर. मोगल लेखक मराठी घोडदळाला सरसकट ‘बर्गी’ म्हणत आणि त्याच्या चपळाईची धास्ती बाळगत. ही माणसे सुलतानाला क्वचितच ओळखत; त्यांची भाकर सरदाराच्या हातून येई. त्यामुळे लखुजींसारखा सरदार पक्ष बदलत असे तेव्हा त्याच्यासोबत भाऊबंद, पुतणे, शिलेदार आणि पागा असा सगळा गोतावळा बाजू बदलत असे. दरबारांना त्यांचे मोल वाटे ते याचमुळे, आणि भयही याचमुळे.

८/ अशा सरदाराचे वर्ष पावसाच्या हिशेबाने चाले. पावसाळ्यात फौज घरी, शेतीवर. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग मोहीम. मधल्या काळात वसुली, न्यायनिवाडे, सोयरिकी आणि बांधकामे. सिंदखेड राजा येथील मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी नटलेली पुतळाबारव पाहिली, की पाण्याला या कोरडवाहू मुलखात किती महत्त्व होते, हे दिसते. तलाव म्हणजे लागवड, लागवड म्हणजे महसूल, आणि महसूल म्हणजे घोडी.

९/ जाधव घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत असे. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सुलतानांनी संपवली आणि पुढे देवगिरीचे नाव दौलताबाद झाले. लखुजींच्या काळात त्या घटनेला तीनशे वर्षे होत आली होती. तरीही आपण राजकुळातले आहोत ही जाणीव घराण्यात होती आणि इतर मराठा घराण्यांत तिला मान होता. देवगिरीचे हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१०/ लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादूरजी हे चार पुत्र आणि जिजाबाई ही कन्या. जिजाऊंची जन्मतारीख म्हणून १२ जानेवारी १५९८ ही तारीख रूढ आहे. वेरूळच्या मालोजीराजे भोसले यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी जिजाऊंचा विवाह झाला. रंगपंचमीच्या दिवशी दोन लहान मुलांना रंग खेळताना पाहून लखुजी थट्टेत ‘जोडा शोभतो’ असे म्हणाले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, ही बखरींतील गोष्ट घरोघरी सांगितली जाते.

११/ ती गोष्ट जशीच्या तशी घडली असे मानण्याचे कारण नाही. तिच्यातून एक सामाजिक वास्तव मात्र स्पष्ट होते. जाधव हे जुने, मातब्बर घराणे. भोसले हे नव्याने वर आलेले. सोयरीक हा त्या काळचा राजकीय करार होता. जपानी सरदारही हेच करत. मुली देऊन तह पक्के करत. सोयरीक टिकते, पण तिच्याभोवतीचे राजकारण बदलते. जाधव-भोसल्यांच्या बाबतीत तेच झाले.

१२/ अहमदनगर पडल्यावर निजामशाही संपायला हवी होती. ती पंचवीस वर्षे उभी ठेवली मलिक अंबरने. आफ्रिकेच्या हबश देशातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. गनिमी काव्याने मोगलांना बेजार करण्याची त्याची पद्धत मराठा घोडदळावर अवलंबून होती. लखुजी जाधवराव या घोडदळाच्या बड्या सरदारांपैकी एक होते.

१३/ १६१६ च्या सुमारास पहिली फूट दिसते. मोगल सेनापती शाहनवाजखान बालापूरला, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यात, तळ देऊन होता. अंबरवर नाराज झालेले काही सरदार त्याला जाऊन मिळाले. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात या सरदारांत ‘जादूराय’ हे नाव आहे, हेच जाधवराव. त्यानंतर मोगलांनी अंबरचा पराभव करून त्याची राजधानी खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, उद्ध्वस्त केली.

१४/ पुढची काही वर्षे पारडे वरखाली होत राहिले. १६२१ च्या सुमारास शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, दख्खनमध्ये उतरला, खडकीची दुसऱ्यांदा नासधूस झाली आणि जाधव घराणे मोगलांच्या चाकरीत गेले. लखुजी, त्यांचे पुत्र आणि आप्त मिळून २४,००० जात आणि १५,००० सवार एवढी मनसब घराण्याला मिळाल्याचे नोंदवलेले आहे. ‘जात’ या आकड्यावरून मनसबदाराचा दर्जा आणि वेतन ठरे, ‘सवार’ या आकड्यावरून त्याने बाळगायचे घोडेस्वार. हा आकडा सांगतो, की मोगलांना या घराण्याचे किती मोल वाटत होते.

१५/ याच काळातील एक प्रसंग कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात येतो. निजामशहाच्या दरबारातून सरदार बाहेर पडत असताना खंडागळे या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरताना दत्ताजी जाधव आणि भोसले मंडळी यांच्यात झटापट जुंपली. दत्ताजी मारले गेले. भोसल्यांकडील विठोजीराजांचे पुत्र संभाजी हेही मारले गेले. चवताळलेल्या लखुजींच्या वाराने स्वतः त्यांचे जावई शहाजीराजे जखमी झाले. एका संध्याकाळी दोन व्याह्यांच्या घरांत दोन तरुण मृत्यू झाले.

१६/ १६२४ मध्ये भातवडीची प्रसिद्ध लढाई झाली. अहमदनगरजवळच्या या गावी एका बाजूला मोगल आणि आदिलशाही यांची एकवटलेली फौज, दुसऱ्या बाजूला मलिक अंबर. अंबरने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीची वाट चिखलाने भरली आणि मोठा विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. लखुजी मोगलांच्या फौजेत होते. जिजाऊंचे पती आणि वडील एकाच रणांगणावर समोरासमोर उभे होते.

१७/ हे दृश्य मराठी इतिहासापुरतेच नाही. सेकिगाहाराच्या वेळी जपानातील सानादा घराण्यात असेच घडले. पिता मासायुकी आणि धाकटा पुत्र नोबुशिगे, जो युकिमुरा या नावाने विख्यात आहे, एका पक्षात. थोरला पुत्र नोबुयुकी तोकुगावांच्या पक्षात. थोरल्याची पत्नी तोकुगावांच्या सेनापतीची, होंदा तादाकात्सुची, कन्या होती. सासरे भेटीला आले असता तिने किल्ल्याचे दार उघडले नाही, अशी कथा जपानात आवडीने सांगितली जाते. हरलेल्या बापाची जहागीर गेली, धाकटा पुढे ओसाकाच्या युद्धात मारला गेला. थोरल्याचे घराणे मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले.

१८/ घराणे दोन पक्षांत विभागले गेले, तर कोणीही जिंकले तरी कोणीतरी उरतो. हे सानादांनी ठरवून केले असो वा परिस्थितीने, परिणाम तोच. दख्खनमध्येही अनेक घराण्यांचे भाऊबंद वेगवेगळ्या दरबारांत चाकरी करत. आजच्या डोळ्यांना ही दुटप्पी वागणूक वाटते. त्या काळी ती वतन वाचवण्याची रीत होती.

१९/ मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. निजामशाहीचा कणाच गेला. १६२८ मध्ये शाहजहान बादशहा झाला. निजामशाहीत बुऱ्हाण निजामशहा गादीवर होता आणि दरबारात हमीदखानासारख्यांचे वजन वाढले होते. अशा वेळी लखुजी मोगलांची बाजू सोडून पुन्हा निजामशाहीकडे आले. एवढा मोठा सरदार परत येणे ही दौलताबादसाठी बळाची गोष्ट होती. दरबाराने तिच्याकडे धोका म्हणून पाहिले.

२०/ २५ जुलै १६२९. लखुजी पुत्रांसह दौलताबादेस दरबारात निजामशहाच्या भेटीला गेले. तेथे आधीच बेत शिजलेला होता. भर दरबारात मारेकरी त्यांच्यावर तुटून पडले. लखुजी, अचलोजी, राघोजी आणि दिवंगत दत्ताजींचे पुत्र यशवंतराव असे एकाच घरातील तीन पिढ्यांचे चार पुरुष तेथे मारले गेले. यादव पूर्वजांची राजधानी म्हणून जो देवगिरी हे घराणे अभिमानाने सांगत असे, त्याच गडाच्या छायेत हे घडले.

२१/ बातमी कळताच म्हाळसाबाई, बहादूरजी आणि उरलेले आप्त सिंदखेडच्या दिशेने निघून गेले व त्यांनी मोगलांचा आश्रय घेतला. या हत्येने निजामशाहीने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. शहाजीराजांनीही तिची साथ सोडली आणि १६३० च्या अखेरीस ते मोगलांचे मनसबदार झाले. जिजाऊ त्या काळात शिवनेरीवर होत्या. वडील, दोन भाऊ आणि भाचा गेल्यानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवरायांचा जन्म झाला.

२२/ आता त्या आरोपाकडे. लखुजी फितूर होते काय? फितुरी ठरवायची तर निष्ठा कोणाशी असायला हवी होती, हे आधी सांगावे लागेल. निजामशाहीशी? तिनेच त्यांना भेटीला बोलावून मारले. मोगलांशी? त्यांना ते सोडून आले. मराठी राज्याशी? ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते. जे राज्य अजून जन्मले नव्हते, त्याच्याशी बेइमानी केल्याचा ठपका कोणावर ठेवता येत नाही.

२३/ शिवाय मोजमाप सर्वांना एकच हवे. शहाजीराजे १६२५ च्या सुमारास निजामशाहीतून आदिलशाहीत गेले, परत निजामशाहीत आले, १६३० मध्ये मोगलांकडे गेले, दोनेक वर्षांत ते सोडून निजामशाहीचा वारस हाती धरून लढले आणि १६३६ च्या तहानंतर पुन्हा आदिलशाहीत गेले. जावयाच्या या प्रवासाला मुत्सद्देगिरी आणि सासऱ्याच्या प्रवासाला फितुरी म्हणणे हा न्याय नव्हे. दोघेही एकाच पेचातून वाट काढत होते. एकाला ती सापडली, दुसऱ्याची दौलताबादेस संपली.

२४/ याचा अर्थ लखुजींवर कोणतीच जबाबदारी नव्हती, असाही नाही. सरदारांच्या पक्षबदलाची किंमत प्रथम रयतेने मोजली. खडकी दोनदा उजाड झाली, फौजांच्या वाटेवरची गावे ओस पडली आणि १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला, तेव्हा युद्धाने पोखरलेल्या गावांत तग धरण्याचे बळ उरले नव्हते. घराणे वाचवणे हा सरदाराचा धर्म मानला गेला. त्या धर्मात कुणब्याला जागा नव्हती. लखुजींवर ठेवायचाच तर हा ठपका अधिक खरा आहे, आणि तो त्यांच्या संपूर्ण वर्गावर आहे.

२५/ नातवाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. शिवरायांनी चाकरीबद्दल मुलूख तोडून देण्याऐवजी रोख वेतन देण्यावर भर दिला आणि देशमुखांची मनमानी आवरली. देशमुखांचे कोट, हुडे पाडून त्यांनी साध्या घरांत राहावे असा बंदोबस्त केल्याचे सभासद बखर सांगते. जपानमध्ये १६१५ साली तोकुगावांनी एका मुलखात एकच किल्ला असावा, बाकीचे पाडावेत, असा हुकूम काढला होता. दोन्ही राज्यकर्त्यांनी एकच धडा घेतला होता: तटबंदीत बसलेला सरदार धनी बदलू शकतो.

२६/ जाधव घराणे मात्र संपले नाही. याच वंशातील धनाजी जाधव पुढे मराठ्यांचे सेनापती झाले आणि औरंगजेबाच्या फौजांना त्यांनी सळो की पळो करून सोडले. सिंदखेडचा परिसरही युद्धापासून सुटला नाही. १७२४ मध्ये निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला ती साखरखेर्ड्याची लढाई याच भागात झाली आणि हैदराबादच्या निजामी सत्तेचा पाया घातला गेला. सांध्यावर असण्याचे भोग शंभर वर्षांनंतरही तेच होते.

२७/ आज सिंदखेड राजा येथे १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी लाखोंची गर्दी लोटते. त्याच तारखेला १८६३ मध्ये जन्मलेल्या विवेकानंदांच्या नावाने हिवरा आश्रमात चाललेले कार्य याच जिल्ह्यातले. बहुतेक यात्रेकरू जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकून परततात. लखुजींच्या भव्य समाधीपाशी त्या मानाने शांतता असते. २०२४ मध्ये या छत्रीच्या संवर्धनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला शेजारी जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची अखंड, देखणी मूर्ती सापडली.

२८/ पुढच्या वेळी सिंदखेडला जाणाऱ्यांनी थोडा वेळ या समाधीसाठी राखून ठेवावा. पाहताना हेही आठवावे, की जिजाऊंनी शिवरायांना घडवले तेव्हा त्यांच्या गाठीशी माहेरचा हा अनुभव होता: कितीही मोठी मनसब, कितीही जुने वतन असले, तरी परक्या दरबारातील सरदाराचा जीव दुसऱ्याच्या लहरीवर असतो. स्वतःचे राज्य का हवे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या समाधीत निजले आहे.